रोज तीन लिटर

११ जानेवारी

"मी ड्रायव्हरशी लग्न नाही करणार." — माझाच रिपोर्ट माझ्यासमोर धरून म्हणाली!

आणि मी विचारलं काय होतं? फक्त "रविवारी पिक्चरला येतेस का?" लग्नाचा शब्द मी काढलाच नव्हता. म्हणजे तो तिच्या डोक्यात होता! सायलीच्या डोक्यात लग्नाचा विचार आहे — ही आजची चांगली बातमी. वाईट बातमी रिपोर्टात.

साहेबरावकाकांनी (गाडी त्यांची, चालवतो मी) सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी करून मागितली. कुठल्या तरी कंपनीच्या पाहुण्यांचं काम मिळणार आहे, त्यांना धडधाकट ड्रायव्हर पाहिजेत. रक्त द्यायला सिडकोतल्या लॅब सेंटरलाच जायचं, हे मी ठरवलं. कारण तिथं सायली बसते. कॉलेजात पहिल्या वर्षाला ती माझ्या पुढच्या बाकावर होती. दुसऱ्या वर्षाला मी हजेरीवरून सरांशी भांडलो, रजिस्टर खिडकीतून फेकलं आणि रजिस्टरच्या मागोमाग मी पण बाहेर पडलो. ती शिकत राहिली. लॅबचा कोर्स केला. आता लोकांना सुया टोचते.

रिपोर्ट — बीपी १४६/९४. साखर काठावर. युरिक ॲसिड वर. चरबीवर बोट ठेवून म्हणाली, "ही तुझ्या वयाची नाही, तुझ्या साहेबरावकाकांच्या वयाची आहे." क्रिएटिनीन पण थोडं जास्त. म्हणजे किडनी कशी चाललीय त्याचा आकडा; वर गेला की वाईट. वय वर्षं तेवीस!

तिचे पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. सत्तावीस वर्षं. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. "ड्रायव्हरचं शरीर आतून कसं होतं ते मी घरात बघते, सत्यम. आईचं आयुष्य मला परत जगायचं नाही."

मी तडकलो. सगळे ड्रायव्हर एकसारखे असतात का? माझ्यासारखा तगडा पोरगा आख्ख्या संभाजीनगरात दाखव! ती म्हणाली, "तुझाच कागद दाखवू?"

मग आवाज खाली करून — "शंभर दिवस. गाडी सोडायची नाही. गाडी चालवत चालवत नीट राहून दाखव. रिपोर्ट नीट आला तर आपलं मी स्वतः घरी सांगते."

आपलं!

आजचा दिवस धरून शंभरावा येतो वीस एप्रिलला. तीनदा मोजला.

१२ जानेवारी

रिपोर्टच्या पाकिटावर तिनं लिहून दिलंय. दिवसाला तीन लिटर पाणी. दर दोन तासांनी गाडी थांबवून लघवीला जायचं, लागली असो नसो. कंबर दुखते म्हणून खातो त्या गोळ्या बंद (पप्पा रोज दोन खायचे म्हणे). इथपर्यंत सोपं आहे. शेवटची ओळ वाचून मात्र हसायलाच आलं — "फुकटचं ताट बंद."

हे तिला पप्पांनीच सांगितलं असणार. बाहेरच्या माणसाला कुठून कळणार? ड्रायव्हर ज्या हॉटेलला गाडी लावतो तिथं पाहुणे समोर पैसे देऊन जेवतात, आणि ड्रायव्हर मागच्या खोलीत फुकट. पनीर, बटर रोटी, वरून गुलाबजाम. पाहुणे जितके जास्त तितकं ताट मोठं. आमच्या धंद्यातला मान आहे तो! तीन वर्षांत रस्त्यावर विकत जेवल्याचं मला आठवत नाही.

बंद म्हणजे बंद. त्यात काय एवढं!

१३ जानेवारी

अजिंठा. चेन्नईचं म्हातारं जोडपं. जाता-येता सहा वेळा गाडी थांबवली. सिल्लोडच्या पुढं आजोबांनी काळजीनं विचारलं, "ड्रायवर, एनी प्रॉब्लेम?" मी छाती काढून सांगितलं, "नो प्रॉब्लेम सर. हेल्थ!"

१४ जानेवारी

पाणी तीन लिटर. तिळाचे लाडू सात. दुसरं तिला सांगणार नाही.

१७ जानेवारी

आज राजकुमारशेठच्या हॉटेलवर तमाशा झाला.

अजिंठ्याच्या रस्त्यावर आमच्या सगळ्या गाड्या तिथंच लागतात. पाहुणे आत गेले. मी डबा काढला आणि पार्किंगमध्ये लिंबाखाली बसलो. दोन भाकरी, मेथी, ठेचा. आईनं पाचला उठून केलेलं. शेठ स्वतः बाहेर आला.

"काय सत्यमभाऊ, आमच्या ताटात काय औषध कालवतो का आम्ही?"

"नाय शेठ. पथ्य आहे."

"कुणी सांगितलं?"

"स्पेशालिस्टनं." — खोटं नाही बोललो!

तेवढ्यात मागच्या खोलीतून फकिराभाऊ ओरडला. फकिराभाऊ म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, वीस वर्षं रस्त्यावर आहे. पोट स्टिअरिंगला टेकतं. "शेठ, नादी लागू नका त्याच्या! पोरगं भाकरी खायला लागलं म्हणजे पोरगी बघितली समजायचं! काय रे सत्या, कितव्या मजल्यावर राहते?" आख्खी खोली खिदळली.

डबा आपटला मी. मेथी मातीत. आत जाऊन त्याची कॉलर धरणार होतो, खरंच धरणार होतो! पाहुणे हात पुसत बाहेर आले म्हणून वाचला. शंभर किलोमीटर उपाशी चालवली.

१८ जानेवारी

सगळं सायलीला लिहून पाठवलं. तिचं उत्तर : "भाजी सांडल्यानं बीपी उतरत नाही."

पण उत्तर आलं.

३१ जानेवारी

एकवीस दिवस. आता रोज लिहायला नवीन काही नाही, कारण सगळं जमतंय!

डोक्यात एक नवाच नकाशा तयार झालाय. आधी रस्ता म्हणजे टोल, खड्डे, पोलीस. आता — फुलंब्रीच्या पुढच्या पंपावर नळाला पाणी असतं, पण दाराला कडी नाही. सिल्लोडच्या अलीकडचा पंप एकदम चकाचक, कारण मालकाची आई रोज खुर्ची टाकून तिथं बसते. वैजापूरकडं कांद्याच्या गाड्यांची रांग लागली असेल तर मार्केट यार्डाच्या मागून आत जायचं. खुलताबादच्या घाटात काहीच नाही, दौलताबादलाच उरकून घ्यावं लागतं. कोणत्या गाइडला हे येतं? मला येतं.

आणि एक. पाहुणे लेण्या बघतात तेव्हा बाकीचे ड्रायव्हर सीट मागं पाडून झोपतात. मी पण झोपायचो. आता चालतो. आज वेरूळला चालत चालत कंटाळा आला म्हणून तिकीट काढून आत गेलो. तीन वर्षं झाली लोकांना नेतोय, दोनशे वेळा तरी पार्किंगपर्यंत आलो असेल. कैलास आज पहिल्यांदा बघितला! वरून खाली कोरत आणलाय आख्खा डोंगर. तोंड उघडं टाकून उभा राहिलो. कमरेत कळ नव्हती. गोळी नाही घेतली, तरी नव्हती.

५ फेब्रुवारी

सेंटरला गेलो बीपी मोजायला. सायलीनं पट्टा बांधला. बोट लागलं. १३८.

"बोलू नकोस. नीट श्वास घे. परत मोजते."

परत मोजलं. १४४!

"हे कसं वाढलं?" म्हणाली. आता कसं ते मी काय सांगणार? शेवटी तिथल्या दुसऱ्या टेक्निशियनला, रूपाला बोलावलं. तिनं मोजलं तर १३०. रूपा तोंडावर हात ठेवून हसत होती. सायलीनं वहीत १३० लिहिलं आणि माझ्याकडं बघितलं पण नाही. कान लाल झाले होते. माझे नाही, तिचे!

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. वेरूळचा रस्ता माणसांनी भरलेला. चार तास गाडी जागची हलली नाही, दोन्ही बाजूंनी बायका-माणसं, उतरणार कुठं? चार तास धरून ठेवली. त्यात पार्किंगवाला म्हणतो, "गाडी मागं घे, इथं लावायची नाय." मागं कुठं घेऊ, माणसांवर? उतरलो आणि त्याची गचांडी धरली. मग बाकीच्यांनी माझी धरली. शर्टाची दोन बटणं गेली. पाहुण्यांमधली एक आजी सारखी "अरे देवा, अरे देवा" करत होती.

संध्याकाळी सेंटर बंद व्हायच्या आत गेलो. १५२. सायलीनं बटणांकडं बघितलं. म्हणाली, "पाणी मोजतोस. राग पण मोजत जा. आजचा किती लिटर होता?"

पाच तरी असेल. पण हे तोंडानं नाही म्हणालो.

१६ फेब्रुवारी

राग : अर्धा लिटर. (टोलवरचा माणूस.)

१७ फेब्रुवारी

राग : निरंक!

२४ फेब्रुवारी

साहेबरावकाकांनी घरी बोलावून घेतलं. मोबाईल समोर धरला. गाडीला ट्रॅकर आहे, ती कुठं कुठं थांबली ते त्यात दिसतं.

"हे काय टिपके टिपके? पाहुणे फिरवतो का दूध घालत हिंडतो?"

सांगितलं सगळं. पाणी, दोन तास, किडनी. सायलीचं नाव सोडून.

"राजकुमारशेठचा फोन होता. तुझ्या डब्यामुळं बाकीचे ड्रायव्हर पण कुजबुजायला लागलेत म्हणतो. हे बघ, पोट तुझं हाय. गाडी माझी हाय. जमत नसंल तर चावी ठेव, दुसरा उभाच हाय."

चावी हातातच होती. फेकायची इतकी हुक्की आली! टीव्हीच्या काचेवर बरोबर बसली असती. पण फेकली तर गाडी गेली, आणि तिनं म्हटलंय गाडी सोडायची नाही. कॉलेजातून रजिस्टर फेकून निघालो तेव्हा असं मागं खेचणारं कुणी नव्हतं. चावी खिशात घातली. विचारलं, "काका, ह्या टिपक्यांच्या गाडीची एक तरी तक्रार आली का? दीड महिना झाला."

काका मोबाईल खालीवर करत राहिले. एक पण नव्हती. "बघतो मार्चपर्यंत," म्हणाले. काकूंनी चहा आणला. बिनसाखरेचा मागितला तर काका अजूनच वैतागले.

राग : तीन लिटर, पण सगळा आतच.

८ मार्च

परभणीच्या सात शिक्षिका. महिला दिनाची सहल. म्होरक्या मंजुषा मॅडम. सकाळी सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या तर एकीनं पण झाकण उघडलं नाही. विचारलं तर मॅडम हसल्या. "दादा, प्रवासात आम्ही पाणी पीतच नाही. प्यायलं की जायचं कुठं?"

"आज प्या मॅडम. कुठं जायचं ते माझ्यावर सोडा."

आणि माझा नकाशा उघडला! सिल्लोडच्या आजींच्या पंपावर तर त्यांनी आजींबरोबर फोटोच काढले. परत येताना गाडीत गाणी, भेंड्या, एकीनं तर चार बाटल्या संपवल्या. मंजुषा मॅडमनी साहेबरावकाकांना एवढा लांब मेसेज पाठवला — "असा ड्रायव्हर पहिल्यांदा भेटला, आमच्या शाळेच्या सगळ्या सहली ह्यांच्याकडंच." काकांनी तो मला पुढं पाठवला. खाली फक्त एक अंगठा.

चावीचा विषय मिटला!

सायलीला सगळं सांगितलं. "शाबास" म्हणाली. ती शाबास म्हणते तेव्हा 'शा' जरा लांबवते.

१७ मार्च

वेरूळच्या पार्किंगमध्ये फकिराभाऊ जवळ आला. मी मुठी आवळल्या, आता काय बोलतो बघू. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं.

"सत्या, ते रक्त द्यायला उपाशीपोटीच जावं लागतं का रे?"

आवाजच वेगळा होता त्याचा. पायाला मुंग्या येतात म्हणाला. परवा ब्रेकवर पाय आहे का नाही तेच कळलं नाही म्हणाला. गाडीत सात माणसं होती.

दुसऱ्या दिवसाची वाट कशाला बघायची! दोघांचे पाहुणे हॉटेलवर सोडले आणि तसाच त्याला सेंटरला घेऊन गेलो. सायलीनं बोटाला टोचलं. साखर ३८६.

"काका, तहान कधीपासून लागते एवढी?"

"झाली की दोन वर्षं."

"मग तपासलं का नाही?"

"तपासलं की निघते ना पोरी!"

कुणी हसलं नाही. त्यानंच हसायचा प्रयत्न केला. बाहेर पायरीवर बसला, एवढा मोठा माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून. म्हणाला, "घरी लीलाबाईला मीच सांगतो. तू बोलू नको." मग — "तुझी आई मेथी कशी करते रे? तेल किती घालते?"

डबा त्यालाच देऊन टाकला. ज्याची कॉलर धरणार होतो त्याला!

१९ मार्च

आई आता पाच भाकऱ्या जास्त करते. म्हणते, "पोराच्या लग्नाआधीच मला सासुरवास सुरू झालाय. तो फकिरा माझा कोण लागतो?" आणि त्याच्यासाठी कारल्याची भाजी वेगळी बांधते.

२९ मार्च

आज सकाळी सायलीचा फोन. पप्पांचं डायलिसिस संपलंय, आई गावाला, रिक्षा मिळत नाही. "येतोस का? फक्त ड्रायव्हर म्हणून ये. जास्त बोलू नकोस."

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. ड्रायव्हर म्हणून!

रामकिसनकाका (तिचे पप्पा) बारीक आहेत एकदम. हाताला पट्टी. "जय भीम काका" म्हणालो, मागचं दार उघडलं, तर ते पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. सायली मागं. पहिल्याच चौकात म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून बसू नको, प्लेट जळते." गिअर पडला की त्यांचा डावा हात मांडीवर हलायचा.

त्यांच्या खिशात छोटी बाटली होती, लहान पोरांची असते तशी. मी बघतोय हे त्यांनी बघितलं. "दिवसाचं एवढंच. आमटीचं पाणी पण ह्यातच धरायचं. जास्त झालं की छातीत भरतं." मग स्वतःच बोलायला लागले. सत्तावीस वर्षं. पाणी प्यायलं की थांबावं लागतं, थांबलं की टाइम चुकतो, टाइम चुकला की कारण लिहून द्या. "लघवीला थांबलो, असं कारण कुणी लिहून देतं का? मग पाणीच नाय प्यायचं. कंबर दुखली की गोळी. डॉक्टर म्हणतात बीपीनं झालं, गोळ्यांनी झालं. मी म्हणतो टाइमटेबलनं झालं."

माझी तीन लिटरची बाटली दोन सीटच्या मधे उभी. लपवायची कुठं? लाज वाटली मला तिची.

"तुझी का ही? पी की."

"नको काका, नंतर."

"पी रे. माझ्यासमोर पी. गटागटा पी. बघू दे मला."

सिग्नल लाल होता. बाटली तोंडाला लावली. अर्धी संपवली. ते टक लावून माझ्या गळ्याकडं बघत होते, घोट कसा उतरतो ते. मला ठसका लागला. आरशात सायली खिडकीबाहेर बघत होती.

उतरताना म्हणाले, "नाव काय म्हणाला?"

"सत्यम."

"सत्यम, पायावर ताबा हाय तुझा. डोक्यावर हाय का?"

कुणी सांगितलं त्यांना!?

४ एप्रिल

एक्केचाळीस डिग्री. ताक दोन ग्लास. राजकुमारशेठनं ड्रायव्हरांच्या खोलीत भाकरी आणि साधं वरण सुरू केलं! तीन ड्रायव्हरांनी ताट नाकारलं म्हणून. मला बघून म्हणाला, "आता तरी आत येऊन बस, स्पेशालिस्ट." आत जाऊन बसलो. लई मान!

१४ एप्रिल

जयंती. शहरातले रस्ते मिरवणुकांना दिले, भाडं नाही. सकाळी भडकल गेटला आईबरोबर अभिवादन करून आलो. गर्दीत सायली दिसली, पांढऱ्या साडीत, तिच्या आईबरोबर. तिनं हात नाही केला. फक्त पदर सारखा केला. खीर एकच वाटी खाल्ली. सहा दिवस राहिले.

२० एप्रिल

शंभर!

साडेसातला सेंटरला हजर. बारा तास उपाशी. पाणी मात्र प्यायलेलो, ती म्हणाली होती पाणी चालतं.

भिंतीवर नवीन बोर्ड लागलाय — 'जोडीची तपासणी : दोघांची एकत्र.' मी म्हणालो, मला हीच करायची.

"अरे ती नवरा-बायकोसाठी असते."

"फॉर्मवर लग्नाची तारीख टाका असं कुठं लिहिलंय का?"

"मला काय झालंय? मी धडधाकट आहे. मी कुठं गाड्या चालवते?"

"मला टोचतेसच ना. एकदा तू घे."

नाही म्हणाली. मी फॉर्म सोडला नाही. हटून बसलो. मागं रांग लागली, एक आजोबा म्हणाले, "बाई, घे की टोचून, आमचा चहा राहिलाय." शेवटी ती हसली आणि खुर्चीत बसली. रोज चाळीस-पन्नास लोकांचं रक्त काढते, स्वतःचं कधी काढलं नव्हतं! रूपानं सुई हातात घेतली तर डोळे गच्च मिटून घेतले हिनं. रूपा ओरडली, "अय्या, मॅडम घाबरतात!" आणि सायलीनं माझी बाही पकडली. सगळ्यांसमोर.

फॉर्मवर नावं मी लिहिली. सत्यम. खाली सायली. दोघं एका कागदावर, पहिल्यांदा. त्याचा फोटो काढून ठेवलाय.

२१ एप्रिल

पास!!

बीपी ११८/७८. साखर नॉर्मल. युरिक ॲसिड नॉर्मल. चरबी माझ्या वयाची. क्रिएटिनीन ०.९! रिपोर्टात वाईट आकडा लाल येतो. माझ्या आख्ख्या कागदावर लाल शोधून सापडत नाही.

तिनं मोबाईलवर पाठवला तेव्हा दौलताबादच्या पार्किंगमध्ये होतो. गाडीच्या बोनेटवर चढून ओरडलो. फकिराभाऊनं उचलून फिरवलं मला. त्याची पण साखर १६० वर आलीय. फिरवता फिरवता म्हणतो, "आता तरी सांग, कितव्या मजल्यावर राहते?" सांगितलं. नाव, गल्ली, सगळं! आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं बाई," आणि रडायलाच लागली.

बघ म्हणावं — ड्रायव्हर असून!

सायलीला विचारलं, "घरी कधी सांगतेस?" मेसेज बघितलाय, उत्तर नाही. दुपारपासून नाही. लाजत असणार. घरी विषय काढायचा म्हणजे शब्द जुळवावे लागतातच की. उद्या सकाळी सेंटरला पेढे घेऊन जातो. कमी साखरेचे!

२२ एप्रिल

पेढे गाडीतच राहिले.

सायलीचं क्रिएटिनीन २.३. तिला वाटलं रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली. काल दुपारी रूपाकडून परत रक्त काढून घेतलं. तेच आलं.

सेंटरला बाथरूम नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. म्हणून ती घरून पाणी न पिता निघते, तिथं घोटभर पण पीत नाही. दोन वर्षं. मधे तीनदा लघवीला जळजळ, ताप. गोळ्या खाऊन कामावर. त्यानं झालं की पप्पांकडून आलं, ते डॉक्टर सांगतील. शंभर दिवस मी तिला माझं पाणी कळवत होतो. तिला एकदा पण विचारलं नाही.

रडली नाही. एवढंच म्हणाली, "घरी कसं सांगू?"

उद्याचं वेरूळचं भाडं फकिराभाऊला दिलं. सकाळी दोघं किडनीच्या डॉक्टरांकडं. तिथून तिच्या घरी. सांगणार मी आहे.